दंतरोपणातील घटकभाग आणि द्रव्ये : आधुनिक विकासाचा चिकित्सक आढावा

सारांश :
गमावलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसविले जाणारे इम्प्लांट हे आज केवळ धातूचा एक स्क्रू राहिलेले नसून ते परस्परांशी जुळणाऱ्या अनेक घटकभागांची एक प्रणाली बनले आहे. १९६५ पासून आजवर या प्रणालीतील धातू, पृष्ठभाग, जोडणी व सिरॅमिक द्रव्ये यांत झालेल्या बदलांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. हाड व धातू, भाग व भाग, आणि हिरडी व भाग या तीन संपर्कसीमांवर इम्प्लांटचे यशापयश ठरते. त्यांपैकी पहिल्या सीमेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला असून उर्वरित दोन सीमांकडे रुग्ण व समाज यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : दंतरोपण, टायटॅनियम, अस्थिसंयोग, अबटमेंट, झिरकोनिया, इम्प्लांटभोवतीचा दाह.

प्रस्तावना :
दात गमावणे ही केवळ सौंदर्याची हानी नव्हे. चर्वण, उच्चार, पोषण आणि आत्मविश्वास या सर्वांवर तिचा परिणाम होतो. अध्यापकासारख्या, वाणी हेच ज्याचे साधन आहे अशा व्यावसायिकास तर तिची झळ लवकर जाणवते. या हानीवर परंपरेने दोन उपाय उपलब्ध होते. पहिला काढघाल करता येणारी कवळी आणि दुसरा शेजारचे निरोगी दात घासून त्यांवर बसविलेला पूल अर्थात ब्रिज. कवळी हिरडीवर टेकते व कालांतराने खालील हाड झिजल्याने सैल होते. पुलासाठी निरोगी दातांचा बळी द्यावा लागतो. दाताच्या मुळाचीच जागा घेणारे कृत्रिम मूळ हाडात रुजविणे हा तिसरा उपाय दीर्घकाळ अयशस्वी ठरत आला होता. सोने, प्लॅटिनम, कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातू अशी विविध द्रव्ये वापरून पाहिली गेली. परंतु बहुतेक वेळा शरीर अशा वस्तूभोवती तंतुमय ऊतींचे वेष्टन तयार करी आणि ती वस्तू हलू लागे.

ही परिस्थिती गेल्या सहा दशकांत पालटली. दहा वर्षांनंतरही एकेरी दातासाठी बसविलेली सुमारे ९५ टक्के इम्प्लांट जबड्यात टिकून असतात, असे विविध अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसते. मात्र ‘टिकून असणे’ आणि ‘निरोगी असणे’ या दोन भिन्न बाबी आहेत. त्या भेदाचे मूळ द्रव्ये व घटकभाग यांच्या स्वरूपात कसे दडलेले आहे, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

इम्प्लांटची रचना :
आधुनिक इम्प्लांटचे स्थूलमानाने तीन भाग असतात. हाडात बसणारा आटेदार दंडगोल किंवा निमुळता स्क्रू हा पहिला भाग होय. व्यवहारात यालाच इम्प्लांट म्हटले जाते. त्याचा व्यास साधारणतः ३ ते ६ मिलिमीटर आणि लांबी बहुधा ६ ते १६ मिलिमीटर असते. दुसरा भाग म्हणजे हिरडीतून वर येणारा दुवा, म्हणजेच अबटमेंट. तो एका सूक्ष्म स्क्रूने इम्प्लांटला जोडलेला असतो. तिसरा भाग म्हणजे प्रत्यक्ष दिसणारा दंतमुकुट, ज्यास सामान्यतः ‘कॅप’ म्हणतात.

नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. तो चावण्याचा धक्का शोषतो आणि दाबाची सूक्ष्म जाणीवही मेंदूकडे पोहोचवितो. इम्प्लांटभोवती असा थर नसतो. धातू थेट हाडाला भिडलेला असतो. त्यामुळे चर्वणाचा संपूर्ण भार धातू, स्क्रू आणि हाड यांनाच वाहावा लागतो. घटकभागांच्या रचनेतील अनेक सुधारणांचे कारण या एका वस्तुस्थितीत सापडते.

टायटॅनियम आणि अस्थिसंयोग :
स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची सूक्ष्म निरीक्षण-कुपी हाडात बसविली होती. प्रयोगानंतर ती काढू पाहता हाड तिला घट्ट बिलगल्याचे त्यांच्या लक्षात आले. या निरीक्षणाचा पाठपुरावा करून १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमची इम्प्लांट बसविली. लार्सन यांचे २००६ मध्ये निधन झाले, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ती कार्यरत होती. जिवंत हाड व धातू यांच्यातील या थेट संयोगास ब्रोनेमार्क यांनी ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव दिले. येथे आपण त्यास अस्थिसंयोग म्हणू. याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये आन्द्रे श्रोडर यांनीही स्वतंत्रपणे असेच निष्कर्ष काढले. १९८२ मध्ये टोरांटो येथे झालेल्या परिषदेनंतर उत्तर अमेरिकेतील दंतवैद्यकाने ही संकल्पना व्यापक प्रमाणावर स्वीकारली.

टायटॅनियमच का, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या रसायनशास्त्रात आहे. हा धातू अतिशय क्रियाशील असून हवेचा स्पर्श होताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. हा थर खरवडला गेला तरी तत्काळ पुन्हा निर्माण होतो आणि आतील धातूस क्षरणापासून वाचवितो. शरीराच्या दृष्टीने हाडाचा संपर्क धातूशी नव्हे, तर या स्थिर ऑक्साइडशी येतो. क्रियाशीलतेमुळेच हा धातू खनिजातून मोकळा करणे अवघड होते. त्याचे व्यापारी उत्पादन विल्यम क्रोल यांच्या मॅग्नेशियम वापरणाऱ्या पद्धतीमुळे विसाव्या शतकाच्या मध्यास शक्य झाले. आपल्या रत्नागिरी किनाऱ्यावरील काळ्या वाळूत आढळणारे इल्मेनाइट हे याच धातूचे खनिज आहे.

इम्प्लांटसाठी वापरल्या जाणाऱ्या व्यापारी शुद्ध टायटॅनियमच्या चार श्रेणी आहेत. त्यांतील फरक मुख्यतः ऑक्सिजनच्या अल्प प्रमाणाचा आहे. पहिल्या श्रेणीत ऑक्सिजनची कमाल मर्यादा ०.१८ टक्के, तर चौथ्या श्रेणीत ०.४० टक्के असते. परंतु कायमची विकृती सुरू होण्यापूर्वी धातू सहन करू शकेल तो किमान ताण सुमारे १७० मेगापास्कलवरून ४८० मेगापास्कलच्या पुढे जातो. म्हणून आज शुद्ध टायटॅनियमची बहुतेक इम्प्लांट चौथ्या श्रेणीची असतात. अॅल्युमिनियम व व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू याहूनही बळकट असून अबटमेंट व स्क्रूसाठी तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. अरुंद हाडासाठी बारीक इम्प्लांट हवे असते, पण बारीक इम्प्लांट मोडण्याचा धोका अधिक असतो. यावर तोडगा म्हणून २००९ मध्ये सुमारे १५ टक्के झिरकोनियम असलेला टायटॅनियम-झिरकोनियम मिश्रधातू वापरात आला. त्यामुळे हाडात भर घालण्याची जादा शस्त्रक्रिया काही रुग्णांच्या बाबतीत टाळता येऊ लागली.

पृष्ठभागाचा विकास :
ब्रोनेमार्क यांच्या इम्प्लांटचा पृष्ठभाग यंत्रावर कातलेला, तुलनेने गुळगुळीत होता. त्यावर भार देण्यापूर्वी खालच्या जबड्यात सुमारे तीन व वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने थांबावे लागे. वरच्या जबड्याच्या मागील भागातील विरळ हाडात अपयशाचे प्रमाणही अधिक होते. हा कालावधी कमी करण्याच्या प्रयत्नांतून पृष्ठभाग खडबडीत करण्याच्या पद्धती पुढे आल्या.

१९८० च्या दशकात हाडातील खनिजाशी साम्य असलेल्या हायड्रॉक्सीॲपाटाइटचा जाड लेप देण्याची पद्धत लोकप्रिय झाली. आरंभी हाड वेगाने जुळत असे. परंतु पुढे काही प्रकरणांत लेपच धातूपासून सुटू लागला. हाड व लेप यांची जोडणी मजबूत असून उपयोग नव्हता, कारण लेप आणि धातू यांच्यामध्ये नवी कमकुवत सीमा निर्माण झाली होती. या अनुभवातून, वेगळा थर चढविण्याऐवजी धातूचाच पृष्ठभाग बदलण्याकडे कल वळला.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कणांचा मारा करून नंतर आम्लाने कोरण्याची पद्धत रूढ झाली. कणांच्या माऱ्याने मोठे खळगे पडतात, तर आम्लामुळे त्यांच्या आत काही मायक्रॉनचे बारीक खळगे तयार होतात. रक्ताची गुठळी या खळग्यांत अडकून राहते आणि हाड बनविणाऱ्या पेशी तिच्या आधारे धातूपर्यंत पोहोचतात. यामुळे प्रतीक्षाकाळ सहा ते आठ आठवड्यांवर आला. विद्युत्-रासायनिक क्रियेने ऑक्साइडचा थर जाड व सच्छिद्र करण्याची पद्धत २००० च्या सुमारास आली. हवेतील कार्बनी संयुगे चिकटून टायटॅनियमचा पृष्ठभाग कालांतराने जलद्वेष्टा होतो. हे टाळण्यासाठी २००५ मध्ये इम्प्लांट क्षारद्रावणात साठवून जलस्नेही ठेवण्याची पद्धत बाजारात आली. योग्य रुग्णांत त्यामुळे प्रतीक्षा तीन ते चार आठवड्यांपर्यंत कमी होऊ शकली.

सरासरी खडबडीतपणा साधारणतः १ ते २ मायक्रॉन असावा, असे आज मानले जाते. त्याहून अधिक खडबडीतपणा हितकारक ठरत नाही. पुढे हाड झिजून खडबडीत भाग उघडा पडल्यास त्यावर जिवाणूंचा थर सहज साचतो आणि तो स्वच्छ करणे अत्यंत कठीण होते. हाड जलद जुळविणारा गुणच नंतरच्या काळात दोष ठरू शकतो, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

जोडणी : दोन भागांमधील सीमा :
प्रारंभीच्या इम्प्लांटच्या माथ्यावर ०.७ मिलिमीटर उंचीचा षट्कोनी उंचवटा असे. इम्प्लांट हाडात फिरवून बसविण्यासाठी किल्लीला पकड मिळावी, हा त्याचा मूळ हेतू होता. त्या काळी संपूर्ण दंतहीन जबड्यात अनेक इम्प्लांट एकमेकांना जोडून बसवीत असल्याने अबटमेंट फिरण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. पुढे एकेका दातासाठी इम्प्लांट वापरले जाऊ लागले, तेव्हा याच अल्प उंचीच्या षट्कोनावर मुकुट फिरू न देण्याची जबाबदारी आली आणि स्क्रू सैल होण्याच्या तक्रारी वाढल्या.

हा स्क्रू साधारणतः ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर इतक्या बलाघूर्णाने आवळला जातो. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि पूर्ववत होण्याच्या त्याच्या प्रवृत्तीमुळे दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. चर्वणाचे बल या दाबापेक्षा अधिक झाले, की सांधा क्षणमात्र उघडतो. असे वारंवार घडल्यास स्क्रू सैल होतो आणि अखेरीस धातूच्या श्रांतीमुळे तुटतो. स्क्रू सैल होणे हा म्हणूनच किरकोळ दोष न समजता पूर्वसूचना समजली पाहिजे.

या अडचणीवर उपाय म्हणून जोडणी इम्प्लांटच्या आत नेण्यात आली. त्यातही शंकूच्या आकाराची जोडणी विशेष यशस्वी ठरली. यंत्रशाळेत ड्रिलचा दांडा पकडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मोर्स टेपरचेच हे तत्त्व होय. दोन निमुळते पृष्ठभाग घर्षणाने एकमेकांत रुततात, वाकविणारे बल शंकूच्या भिंतींवर विभागले जाते आणि एकट्या स्क्रूवरील ताण घटतो. फटही अरुंद होते. मात्र कोणतीही दोनभागी जोडणी पूर्णतः जिवाणूरोधक असल्याचे म्हणता येत नाही.

याच संदर्भात एक योगायोग उल्लेखनीय आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत ५ व ६ मिलिमीटर व्यासाची रुंद इम्प्लांट बाजारात आली, तेव्हा त्या मापाची अबटमेंट उपलब्ध नव्हती. परिणामी अनेक दंतवैद्यांनी त्यांवर ४.१ मिलिमीटरचीच अबटमेंट बसविली. काही वर्षांनंतरच्या क्ष-किरण चित्रांत या इम्प्लांटभोवतीच्या हाडाची झीज अपेक्षेपेक्षा कमी दिसून आली. दोन भागांमधील फट हाडापासून आत सरकल्याने हाडालगतचा दाह घटतो, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. लझारा व पोर्टर यांनी २००६ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. आज इम्प्लांटपेक्षा अरुंद अबटमेंट वापरणे ही सर्वमान्य रचना झाली आहे.

नव्या रचनांची बळकटी तपासण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे १४८०१ क्रमांकाचे मानक आहे. त्यानुसार इम्प्लांट ३० अंशांच्या कोनात धरून, हाड ३ मिलिमीटर झिजले आहे असे गृहीत धरून, कोरड्या चाचणीत पन्नास लाख वेळा भार दिला जातो. ही चाचणी धातूच्या श्रांतीविषयी माहिती देते. हाड व हिरडी यांच्या प्रतिसादाविषयी तिच्यातून काहीही समजत नाही.

झिरकोनिया व अन्य द्रव्ये :
टायटॅनियमचा करडा रंग पातळ हिरडीतून दिसू शकतो. धातू टाळण्याची इच्छा असणाऱ्या रुग्णांची संख्याही वाढत आहे. या दोन कारणांनी झिरकोनिया हे शुभ्र सिरॅमिक पुढे आले. शुद्ध झिरकोनिया तापमानानुसार स्फटिकरचना बदलतो. मात्र त्यात सुमारे ३ मोल टक्के यिट्रिया मिसळल्यास उच्च तापमानाची रचना खोलीच्या तापमानासही टिकून राहते. अशा द्रव्यात तडा जाऊ लागला, की त्याच्या टोकाजवळील स्फटिक आपली रचना बदलतात, त्यांचे आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी वाढते आणि तडा आवळला जाऊन थांबतो. या गुणामुळे झिरकोनियास अन्य सिरॅमिकपेक्षा अधिक चिवटपणा लाभला आहे.

परंतु हेच रूपांतर ओलसर वातावरणात, तडा नसतानाही, पृष्ठभागापासून हळूहळू सुरू होऊ शकते. नितंबसांध्यासाठी वापरलेल्या झिरकोनियाच्या गोलकांच्या काही तुकड्या अल्पावधीत फुटल्याने २००१ मध्ये परत मागवाव्या लागल्या. द्रव्य तेच होते. भट्टीची प्रक्रिया बदलली होती. यावरून द्रव्याच्या नावापेक्षा त्याच्या निर्मितीप्रक्रियेचे महत्त्व अधोरेखित होते. झिरकोनियाची आरंभीची इम्प्लांट एकसंध होती. त्यांत फट नसली तरी कोन दुरुस्त करण्यास फारसा वाव नसे. दोनभागी झिरकोनिया इम्प्लांट आता उपलब्ध आहेत. तथापि टायटॅनियमइतका दीर्घ कालावधीचा पुरावा त्यांच्यापाशी नाही. टायटॅनियमच्या इम्प्लांटवर थेट झिरकोनियाचे अबटमेंट बसविल्यास कठीण सिरॅमिकमुळे मऊ धातू झिजतो, असेही आढळले. म्हणून संपर्काच्या जागी टायटॅनियमचा तळ व त्यावर झिरकोनिया, अशी संमिश्र रचना आता प्रचलित आहे.

पीक हे बहुवारिक आणखी एक पर्याय म्हणून चर्चिले जाते. टायटॅनियमचा यंग गुणांक सुमारे १०५ गिगापास्कल, झिरकोनियाचा सुमारे २००, कठीण हाडाचा साधारणतः १० ते २०, तर पीकचा अवघा ३ ते ४ गिगापास्कल असतो. पीक हाडाशी सहज संयोग पावत नसल्याने सध्या त्याचा उपयोग मुख्यतः तात्पुरत्या अबटमेंटपुरता मर्यादित आहे.

हिरडीची सीमा आणि दीर्घकालीन आरोग्य :
इम्प्लांटभोवतीचे हाड जिवाणूजन्य दाहामुळे झिजणे ही या शास्त्रापुढील आजची प्रमुख समस्या होय. २०१५ मध्ये डर्क्स व तोमासी यांनी केलेल्या एकत्रित विश्लेषणात केवळ हिरडीपुरता दाह सरासरी ४३ टक्के, तर हाडाच्या हानीसह दाह सरासरी २२ टक्के रुग्णांत आढळला. या आकड्यांची तुलना प्रारंभी दिलेल्या ९५ टक्क्यांशी करावी. इम्प्लांट जागेवर असूनही त्याच्या भोवतीचे हाड रोगट असू शकते, हे त्यातून स्पष्ट होते.

घटकभागांचा येथेही संबंध येतो. मुकुट सिमेंटने चिकटविल्यास जादा सिमेंट हिरडीखाली राहून दाहास कारण ठरते. २००९ मधील एका अभ्यासात दाह असलेल्या ८१ टक्के इम्प्लांटभोवती असे सिमेंट सापडले. म्हणून शक्य तेथे काढता येणारे, स्क्रूने बसविलेले मुकुट वापरण्याकडे आता कल आहे. संगणकीय आरेखनामुळे हिरडीच्या आकारानुरूप अबटमेंट घडविता येते, तर कोन बीम सीटी चित्रांच्या साहाय्याने इम्प्लांटची जागा पूर्वनियोजित करता येते. मात्र धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह, पूर्वीचा हिरडीचा विकार आणि अस्वच्छता यांवर कोणताही नवा धातू उतारा ठरत नाही. तंबाखू व मिश्रीची सवय आढळणाऱ्या आपल्या प्रदेशात ही बाब विशेष लक्षणीय आहे.

नोंद आणि निवड : भारतीय संदर्भ :
भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. त्यांनुसार उपकरणांचे जोखमीप्रमाणे चार वर्ग करण्यात आले. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आणण्यात आली. परंतु नियमनाने एक व्यावहारिक प्रश्न सुटत नाही. एका उत्पादकाचा स्क्रू दुसऱ्याच्या इम्प्लांटमध्ये वरवर बसला, तरी काही मायक्रॉनच्या तफावतीने सांध्याचे आयुष्य घटू शकते. रुग्ण मात्र नोकरीनिमित्त गाव बदलतो, मूळ दंतवैद्य निवृत्त होतो, उत्पादक एखादी रचना बंद करतो. पंधरा वर्षांनंतर स्क्रू तुटल्यास तो नेमका कोणत्या प्रणालीचा आहे, हे ठाऊक नसेल, तर निरोगी इम्प्लांटही निरुपयोगी ठरण्याची वेळ येते. इम्प्लांटचा उत्पादक, प्रतिमान, व्यास, लांबी व तुकडी क्रमांक नोंदविलेले पत्रक रुग्णास मिळणे, ही म्हणूनच उपचाराचाच एक भाग असलेली गरज आहे.

निष्कर्ष :
१. टायटॅनियमचा अस्थिसंयोग हा दंतरोपणाचा सर्वाधिक काळ तपासला गेलेला पाया आहे. नव्या द्रव्यांचे मूल्यमापन त्याच्याशी तुलना करूनच व्हावयास हवे.
२. पृष्ठभागातील सुधारणांनी प्रतीक्षाकाळ महिन्यांवरून आठवड्यांवर आणला. परंतु प्रत्येक सुधारणेबरोबर नवी जोखीमही आली.
३. आजच्या अपयशाचे केंद्र हाड व धातू यांच्या सीमेवरून जोडणी व हिरडी यांच्याकडे सरकले आहे.
४. ‘धातुमुक्त’ किंवा ‘अत्याधुनिक’ या विशेषणांपेक्षा दीर्घकालीन पुरावा, घटकभागांची भावी उपलब्धता व स्वच्छतेची सुलभता हे निकष निवडीसाठी अधिक विश्वसनीय आहेत.
५. घटकभागांची लेखी नोंद आणि नियमित तपासणी यांवाचून उत्तम द्रव्याचे इम्प्लांटही असुरक्षित राहते.

दंतरोपण हे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, यंत्रशास्त्र व जीवशास्त्र यांच्या संगमाचे उत्तम उदाहरण आहे. या ज्ञानशाखांनी रुग्णास दिलेले कृत्रिम मूळ दशकानुदशके टिकू शकते. ते टिकविण्याची जबाबदारी मात्र उत्पादक, दंतवैद्य आणि रुग्ण या तिघांचीही आहे.